खडपातला रहिवासी

माशाची प्रतिष्ठा आपल्याकडे बाजारात ठरते. पापलेट, सुरमई, रावस यांचा मान मोठा. बांगडा, पेडवे, मांदेली यांना घरोघरी मुक्त प्रवेश. आणि ज्या माशाला कोळणीच्या पाटीत जागा नाही, ज्याचा भाव करण्याचा प्रसंगच कोणावर कधी येत नाही, तो किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाच्या लेखीही जवळजवळ अस्तित्वात नसतो. कोकणच्या कातळी किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जी खडपे उघडी पडतात, त्यांतील गुडघाभरही खोल नसलेल्या डबक्यांत बोटभर लांबीचा, मातकट तपकिरी रंगाचा, सदैव तळाला अंग टेकून बसणारा जो एक मासा राहतो, त्याची अवस्था नेमकी अशी आहे. कालवे फोडणाऱ्या बायका त्याच डबक्याच्या काठी तासन्‌तास बसतात, मुले त्याच पाण्यात खेकडे धुंडाळतात, आणि हा मासा त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, दगडाचाच एखादा टवका असावा तसा निश्चल बसून राहतो. त्याने स्वतःला इतके परिपूर्ण रीतीने लपविले आहे की त्याच्याविषयी कुतूहल वाटण्याची पाळीच आपल्यावर येऊ नये. आणि तरीही गेल्या शतकात ज्या थोड्या संशोधकांनी या माशाकडे व त्याच्या भाऊबंदांकडे चिकाटीने पाहिले, त्यांच्या हाती जे आले ते पाहता आपल्या या उपेक्षेची थोडी शरम वाटावी.

प्राणिशास्त्राच्या दप्तरी या माशाची नोंद ‘बॅथिगोबिअस फस्कस’ या नावाने आहे. फ्रँकफुर्टचा निसर्गशास्त्रज्ञ एडुआर्ड र्‍यूपेल याने तांबड्या समुद्राच्या प्रवासात मिळविलेल्या नमुन्यांवरून १८३० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि पुढे असे आढळून आले की या क्षुद्र प्राण्याचा मुलूख आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदुस्थानचा किनारा धरून थेट पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत पसरलेला आहे. ज्या गोबी कुलात त्याची गणना होते, त्या कुलात सुमारे २००० जाती आहेत. माशांच्या कुलांत इतका मोठा विस्तार फारच थोड्यांचा असेल. आपल्या खाड्यांच्या चिखलावर उड्या मारीत फिरणारा निवटा हा याचाच जवळचा नातलग. मद्रास सैन्यात शल्यवैद्य म्हणून आलेल्या आणि पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचा इन्स्पेक्टर-जनरल झालेल्या फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा आपला प्रचंड ग्रंथ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला, तेव्हा ज्यांपासून सरकारला एक पैचाही महसूल मिळण्याचा संभव नव्हता अशा या गोबींनाही त्याने मोठ्या माशांच्याच काटेकोरपणाने आपल्या ग्रंथात जागा दिली. अंमलदारांच्या जातीत असे एखाददुसरे निष्काम माणूस निघते, हे त्या जातीच्या बाजूने सांगितले पाहिजे.

या माशाची शरीररचना पाहिली की त्याचा पेशा लक्षात येतो. डोके रुंद आणि किंचित चपटे. डोळे बाजूंना नसून डोक्याच्या माथ्यावर, एकमेकांना जवळजवळ भिडलेले, म्हणजे पोट तळाला टेकलेले असतानाही वरचे सारे आकाश त्यांच्या पहाऱ्यात राहावे. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडले जाऊन त्यांची एक उथळ वाटी झालेली असते, आणि त्या वाटीच्या आधाराने तो खडकाला असा धरून राहतो की भरतीची लाट डोक्यावरून फुटून गेली तरी तो जागचा हलत नाही. खांद्याजवळच्या परांचे वरचे काही किरण मात्र पडद्यातून सुटे झालेले असून रेशमी तंतूंसारखे दिसतात. या सुट्या तंतूंवरून जाणकार त्याला आणि त्याच्या सगोत्रांना ओळखतात. अंगावर गडद डागांचे व पुसट पट्ट्यांचे असे मिश्रण असते की एकदा नजर त्याच्यावर ठरली तरी पापणी लवेपर्यंत ती पुन्हा हरवते. पोहणे त्याला येते, परंतु आवडत नाही; एका दगडाखालून निघून दुसऱ्या दगडाखाली जाईपर्यंतच्या लहानशा झेपा, आणि मग पुन्हा तेच बसणे. लहान कवचधारी जीव, कृमी आणि शेवाळ यांवर त्याचा गुजारा चालतो.

त्याचे राहते ठिकाण मात्र आपल्याला वाटते तितके स्वस्थतेचे नाही. समुद्रातील पाणी हे पृथ्वीवरील सर्वांत स्थिर आसऱ्यांपैकी एक असेल, पण ओहोटीने खडपात मागे ठेवलेले डबके हे अत्यंत चंचल. वैशाखाच्या दुपारी कातळ तापतो, त्याबरोबर डबक्यातील पाणी तापते, त्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यातील खारटपणा वाढतो. आषाढात ओहोटीच्या ऐन वेळी पावसाची सर कोसळली की तेच डबके तासाभरात निमखारे होते. दिवसा उन्हात शेवाळ इतका प्राणवायू सोडते की पाण्यात तो मावेनासा होतो. रात्री उजेडाअभावी ते काम थांबते, मात्र त्याच शेवाळासह डबक्यातील प्रत्येक जीवाचा श्वासोच्छ्‌वास चालूच असतो, आणि पहाटेपर्यंत पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपुष्टात येतो. खुल्या समुद्रातला मासा अशा जागी एक ओहोटीही काढू शकणार नाही. ज्याला येथे राहावयाचे त्याने हे सारे ऋतू सव्वासहा तासांच्या पाळीने, दिवसातून दोनदा सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे. शिवाय शत्रूंचीही पाळी आहेच: पाणी ओसरले की समुद्री बगळा काठाकाठाने फिरू लागतो, आणि पाणी चढले की हेकरू, वाम यांसारखे भक्षक त्याच खडपावर येतात. थोडक्यात, त्याला कोणत्याही प्रहरी निर्धास्त होता येत नाही.

या परिस्थितीला त्याने दिलेले पहिले उत्तर म्हणजे वेषांतर. माशाच्या कातडीत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण बाळगणाऱ्या पेशी असतात. ते कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की कातडी फिकी दिसते आणि सर्वत्र पसरले की गडद. ही हालचाल मज्जातंतूंच्या हुकमाने होते हे कार्ल फॉन फ्रिश याने १९११ च्या सुमारास गोड्या पाण्यातील लहान माशांवर प्रयोग करून दाखविले. हाच फ्रिश पुढे मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावून जगप्रसिद्ध झाला आणि वृद्धापकाळी, १९७३ साली, नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्याच्या माशांची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. हुकूम मज्जातंतूंचा, पण त्याला आधार डोळ्याचा. वरून येणारा उजेड किती आणि तळावरून परावर्तित होणारा किती, याचे प्रमाण डोळा सतत ताडून पाहतो आणि त्याप्रमाणे कातडीला आज्ञा जाते. ही व्यवस्था किती चपळ आहे याचे मोजमाप इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील खडकाळ किनाऱ्यावर झाले. तेथे आपल्या माशाचा एक युरोपीय भाऊबंद, ‘गोबिअस पॅगॅनेलस’, विपुल सापडतो. एक्सिटर विद्यापीठाचे मार्टिन स्टीव्हन्स व त्यांचे सहकारी यांनी हे मासे काळ्या, पांढऱ्या, तांबड्या, निळ्या अशा वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून पाहिले, आणि २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की एका मिनिटाच्या आत माशाच्या अंगाची उजळता तर बदलतेच, परंतु रंगाची छटासुद्धा बदलते. सरडा या गुणासाठी विनाकारण बदनाम झाला आहे.

आता, रंग जुळविल्याने जीव खरोखर वाचतो काय, हा प्रश्न भाबडा वाटेल, पण शास्त्रात भाबडे प्रश्न विचारणारा माणूस फार मोलाचा असतो. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील फ्रान्सिस समनर याने तो विचारला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडेही विहिरी-तळ्यांत सोडण्यात आलेला गँबुसिया हा बोटाच्या पेराएवढा मासा त्याने घेतला. त्यातील काही काळ्या टाक्यांत व काही पांढऱ्या टाक्यांत बरेच दिवस ठेवून गडद आणि फिके असे दोन वर्ग तयार केले. आणि मग दोन्ही वर्गांचे मासे एकाच टाकीत सोडून शिकारीसाठी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातील पेंग्विन पक्षी आणले. १९३४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की पार्श्वभूमीशी रंग न जुळणारे मासे अधिक संख्येने गट्ट झाले. पेंग्विनांना पंच म्हणून नेमणाऱ्या या प्रयोगाची मौज एकीकडे ठेवली तरी एक गोष्ट त्यातून निर्विवाद सिद्ध झाली: जुळता रंग हा अलंकार नसून ते चिलखत आहे.

परंतु हे चिलखत स्वस्थ बसणाऱ्याचेच आहे. दगडाच्या रंगाचा मासा जोपर्यंत हलत नाही तोपर्यंतच दगड असतो. तो हलला की जगातील कोणताही रंग त्याला वाचवू शकत नाही. म्हणून वेषांतर करणाऱ्या प्राण्याला आपली जागा सहसा सोडता येत नाही, आणि जो आपली जागा सोडीत नाही त्याच्यावर प्राणसंकट थेट त्या जागीच येऊन उभे राहिले म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न सुटल्यावाचून राहतो. बगळ्याची चोच पाण्यात शिरली, अथवा डबक्यातील पाणी श्वास घेण्याच्या लायकीचे राहिले नाही, तर कोणत्याही रंगाने भागत नाही. तेथून निघाले पाहिजे. आणि निघावयाचे तर कोठे, कारण डबक्याच्या सर्व बाजूंना कोरडा कातळ आहे?

या प्रश्नाचे उत्तर अटलांटिक महासागराच्या पलीकडच्या काठावर मिळाले. न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्यूझिअम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेत प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे लेस्टर अ‍ॅरनसन हे बहामा बेटांतील बिमिनी येथे काम करीत असताना त्यांचे लक्ष ‘बॅथिगोबिअस सोपोरेटर’ या तेथील गोबीकडे गेले. हा आमच्या कोकणच्या गोबीचा सख्खा सगोत्र; तोच आकार, तीच डबकी, तेच तळाला बसणे. ओहोटीच्या वेळी याला डबक्यात डिवचले असता तो पाण्यातून उसळी घेई आणि शेजारच्या डबक्यात पडे; तेथे डिवचले तर तिसऱ्यात; आणि अशा रीतीने एकामागून एक डबकी ओलांडून तो अखेरीस खुल्या समुद्रास मिळे. उडी मारणारे मासे पुष्कळ आहेत, तेव्हा नुसत्या उडीचे अप्रूप अ‍ॅरनसन यांना वाटण्याचे कारण नव्हते. त्यांना कोड्यात टाकले ते उडीच्या अचूकपणाने. मासा कातळावर क्वचितच आदळत असे. उडी घेताना त्याचा रोख अशा एका डबक्याकडे असे की जे त्याला स्वतःच्या डबक्यातून दिसणे शक्य नव्हते.

ते का शक्य नव्हते हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या युक्तिवादाचा भार त्यावर आहे. पाण्यातून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचे जग एका वर्तुळाकार झरोक्यातून दिसते. त्या झरोक्याच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि डबक्याचाच तळ उलटा दाखवितो. बाहेरच्या क्षितिजाजवळचे जे काही असेल ते झरोक्याच्या अगदी कडेला आकुंचित होऊन जाते, त्यातच डबक्याचा कातळी काठ पाण्याहून उंच असला म्हणजे पलीकडच्या सखल जागी साचलेले पाणी दृष्टीआड होते. तेव्हा पाहून उडी मारली हे म्हणणे टिकत नाही. योगायोगाने मारली म्हणावे, तर योगायोग इतक्या वेळा साधत नाही. १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात अ‍ॅरनसन यांनी एक तर्क मांडला, आणि तो वाचून त्या काळच्या अनेक पंडितांच्या भुवया वर चढल्या असल्यास नवल नाही: भरतीच्या वेळी संपूर्ण खडप पाण्याखाली असताना हा मासा त्यावरून पोहत फिरतो, त्या वेळी तो तेथील खळगे, उंचवटे व चिरा ध्यानात ठेवतो, आणि पाणी ओसरल्यानंतर जेथे खळगा असेल तेथे डबके असणार, या स्मरणाच्या आधारावर तो उडी घेतो.

तर्क सुंदर असला तरी त्याला पुरावा पाहिजे. तो जमविण्यास अ‍ॅरनसन यांनी घाई केली नाही. १९७१ साली, म्हणजे पहिल्या निबंधानंतर २० वर्षांनी, त्यांनी पुढील प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली. प्रयोगासाठी त्यांनी कृत्रिम डबक्यांची रचना केली होती, आणि तीत पाणी चढवून भरती व उतरवून ओहोटी करण्याची सोय ठेविली होती. ज्या माशांना ही जागा सर्वस्वी अनोळखी होती, त्यांना ओहोटीत डिवचले तेव्हा त्यांच्या उड्यांपैकी जेमतेम १५ टक्के योग्य डबक्यात पडल्या. नंतर केवळ एका रात्रीपुरती भरती करून माशांना त्या रचनेवरून मोकळे फिरू दिले, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली; आता अचूक उड्यांचे प्रमाण ९७ टक्के होते. त्यांतील काही मासे तेथून काढून अन्यत्र ठेवले व ४० दिवसांनी परत आणले, तरी ते आपला धडा विसरले नव्हते.

आपल्या तलाठ्याला गावाची मोजणी करावयाची तर साखळी, फाळणी, हद्दीचे दगड, पंच, आणि वर्षानुवर्षे सांभाळलेले नकाशे लागतात. आणि एवढे करूनही बांधावरून भांडण व्हावयाचे ते होतेच. या माशाला एक रात्र पुरते. येथे स्मरणशक्तीइतकीच दुसरीही एक गोष्ट आश्चर्याची आहे, आणि ती सांगताना टीकाकार सहसा घाईने पुढे जातात. मासा जे पाहतो ते एका परिस्थितीत, आणि वापरतो ते दुसऱ्या परिस्थितीत. भरतीत सारे पाणीच पाणी असते. तेव्हा डबके असे काही नसतेच, असतो तो तळाचा चढउतार. त्या चढउतारावरून, पाणी निघून गेल्यावर काय शिल्लक राहील, हे आगाऊ जाणण्यासारखे काहीतरी त्या राईएवढ्या मेंदूत घडत असले पाहिजे. त्याला विचार म्हणावे की नाही याचा खल तत्त्वज्ञांनी करावा. मला इतकेच म्हणावयाचे आहे की माशाची स्मृती क्षणभंगुर असते अशी जी एक समजूत सुशिक्षितांत सर्रास आढळते, ती बाळगणाऱ्याने हा प्रयोग एकदाही वाचलेला नाही.

ही गोष्ट एकट्या बहामाच्या गोबीपुरती नाही, याची साक्ष ऑस्ट्रेलियातून मिळाली. सिडनी येथील मॅक्वेरी विद्यापीठातील कुलम ब्राउन व जेम्मा व्हाइट यांनी खडपातील डबक्यांत राहणारे गोबी आणि वाळूच्या सपाट तळावर राहणारे गोबी यांची तुलना केली. डबक्यातील गोबींमध्ये ‘बॅथिगोबिअस कोकोसेन्सिस’ ही आपल्या गोबीची आणखी एक सगोत्र जात होती. डबक्यातील माशांना उचलून दूर नेऊन सोडले तर ते पुन्हा आपल्याच डबक्यात परततात, असे त्यांना आढळले. वाट शोधण्याच्या परीक्षेत डबक्यातील मासे भोवतालच्या खुणा अधिक ध्यानात घेत. आणि पुढे, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे ज्याच्याकडे स्थळाची स्मृती सोपविलेली असते तो भाग, वाळूतल्या भाऊबंदांच्या मानाने मोठा असल्याचे दिसून आले. सपाट वाळूवर लक्षात ठेवण्यासारखे असते तरी काय? खडपाने आपल्या रहिवाशाला विचक्षण केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या माशाच्या संसाराविषयी विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरता घेतो, तरी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी की संगोपनाचा सारा भार नराकडे असतो. एखाद्या शिंपल्याच्या पोकळीत किंवा दगडाखाली तो घर करतो, मादी तेथे अंडी चिकटवून निघून जाते, आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर पहारा देतो व परांनी पाणी ढवळून अंड्यांना वारा घालतो. न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाशी संबंध असलेले विल्यम टॅव्होल्गा यांनी १९५० नंतरच्या दशकात या बहामी गोबीच्या प्रणयाचा अभ्यास केला, तेव्हा अशीही गोष्ट उघडकीस आली की नर मादीला बोलाविताना खालच्या पट्टीत घुमल्यासारखा आवाज काढतो, आणि अंड्यांनी जड झालेल्या मादीच्या अंगचा द्रव पाण्यात नुसता मिसळला, मादी दृष्टीस पडलीही नाही, तरी तो प्रणयचेष्टा आरंभतो. दुसरी गोष्ट जपानी संशोधकांनी २००२ साली आपल्या कोकणातल्याच जातीविषयी नोंदली, आणि ती तितकीशी शोभादायक नाही: मोठे नर घर राखून असतात, तर लहान नर एखाद्या मोठ्याच्या घरात ऐन वेळी चोरून शिरतात आणि त्याच्या मेहनतीवर आपला वंश वाढवितात. घरधनी मग दोघांचीही अंडी इमानाने राखीत बसतो.

इतक्या लहान माशांचा समुद्राच्या जमाखर्चात हिशेब तो काय, असे कोणी म्हणेल. बाजाराची नजर ज्याला लागली आहे तो हे म्हणणारच. परंतु आकाराने क्षुल्लक अशा या तळवासी माशांचा हिशेब प्रवाळखडकांवर काळजीपूर्वक मांडण्यात आला आहे, आणि त्याचे आकडे धक्का देणारे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ‘एव्हिओटा सिगिलाटा’ नावाचा एक गोबी आहे. त्याचे संपूर्ण आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवसांचे असते, आणि पृष्ठवंशी प्राण्यांत याहून अल्पायुषी प्राण्याची नोंद झालेली नाही, असे मार्शल डेप्चिन्स्की व डेव्हिड बेलवुड यांनी २००५ साली दाखविले. असे मासे जन्मतात, खाल्ले जातात, आणि त्यांची जागा लगेच दुसरे घेतात. म्हणून कोणत्याही एका दिवशी मोजले तर ते मूठभर भरतात, पण वर्षभराचा आढावा घेतला तर त्यांची रास प्रचंड होते. सायमन ब्रँडल व त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे प्रवाळखडकांवर जेवढे म्हणून मत्स्यमांस भक्षकांच्या पोटी जाते, त्यांपैकी जवळजवळ ६० टक्के या नजरेस न पडणाऱ्या चिमुकल्या तळवासी माशांकडून येते. कोकणच्या खडपांना हे प्रमाण जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण खडप आणि प्रवाळखडक यांची व्यवस्था निराळी; परंतु हेकरू कशावर पोसतो याचा विचार करताना, आणि तो पानात घेताना, हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

तथापि कायद्याला हे मासे अद्याप दिसलेले नाहीत. मुंबईचा सागरी किनारा मार्ग बांधताना वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडपांवर प्रवाळ आढळले. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान असल्यामुळे २०२० साली, रीतसर परवानगी घेऊन, त्यांचे दुसरीकडे स्थलांतर करण्यात आले. हे झाले ते योग्यच झाले. परंतु त्याच खडपांतील गोबीला कोणत्याही अनुसूचीत स्थान नाही. आणि असते, तर त्याचे स्थलांतर कसे करणार होतो? प्रवाळ उचलून दुसऱ्या कातळाला चिकटविता येतो. या माशाची सारी मालमत्ता म्हणजे त्या एका खडपाची वहिवाट; कोणता खळगा कोठे आहे, कोणत्या चिरेतून बाहेर पडता येते, हे ज्ञान त्या जागेबाहेर कवडीमोलाचे आहे. नव्या खडपावर सोडलेला गोबी, निदान पहिली भरती येईपर्यंत, तो १५ टक्क्यांतला गोबी. आणि बगळा तेवढा वेळ थांबत नाही. किनाऱ्यावर भराव घालणारे जेव्हा समुद्री जीव दुसरीकडे निघून जातील असे सहजपणे सांगतात, तेव्हा त्यांच्या मनासमोर खुल्या पाण्यात हिंडणारा मासा असतो. खडपातल्या माशाला ‘दुसरीकडे’ असे काही नाही. मालवणच्या समुद्राला १९८७ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, त्यामुळे तेथील खडपांना कागदोपत्री तरी आधार आहे. रत्नागिरी-रायगडच्या बहुतेक खडपांना तोही नाही.

हा मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची कोणाला इच्छा झाली, तर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पंचांग पुरे. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या आसपास, ओहोटी पूर्ण. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोनतीन दिवसांत उधाण असते, त्या वेळी ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते. मात्र पावसाळ्याचे चार महिने खडपावर उतरू नये, आणि इतर ऋतूंतही पाणी परतू लागताच काठाकडे निघावे, कारण उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते आणि ती येताना कोणाला वर्दी देत नाही. डबक्यापासून थोडे दूर, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसावे, आणि तळातील एखादा दगड हलेपर्यंत वाट पाहावी. दगड उलथून पाहण्याचा मोह अनावर झालाच, तर तो पुन्हा होता तसा, होता त्याच बाजूवर ठेवावा. त्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी अंडी चिकटलेली असण्याचा बराच संभव आहे.